कलमं नेण्याआधी घरात एकदा बसा
(आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पहिला पाऊस पडला की काटोल रोडवरच्या आमच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. "जंबेरीवरची कलमं हायेत का? तीनशे टाका." (जंबेरी हे लिंबाच्या जातीचं रोप, त्यावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात.) कलमं मोजायला घेण्याआधी आम्ही विचारतो, "बगीचा पाहणार कोण?" बरेच जण चिडतात. "मीच पाहीन ना, अजून कोन?"

त्यांचंही चुकत नाही. कलमं विकणाऱ्यानं कलमं विकावीत, घरच्या चौकशा कशाला? पण कपाशी यंदा फसली तर पुढच्या जूनमध्ये तूर पेरता येते. संत्र्याचं तसं नाही. झाड पाचव्या-सहाव्या वर्षी बहार धरण्याजोगं होतं आणि नीट राखलं तर वीस-पंचवीस वर्षं चालतं. तुमचा मुलगा आज दहावीत असेल तर पहिला बहार विकाल तेव्हा तो एकवीस-बावीसचा असेल आणि बाग म्हातारी होईल तेव्हा चाळिशीचा. तेवढी वर्षं ती राखणार कोण, हे त्याच्याशी बोलला आहात का?

आमच्याच घरची गोष्ट

आजोबांनी कळमेश्वरजवळ पाच एकरांत साडेपाचशे झाडं लावली होती, एका विहिरीवर. ते गेल्यावर वडील आणि काकांची वाटणी झाली. धुरा, म्हणजे बांध, बागेच्या मधून पडला. विहीर काकांकडं गेली आणि त्या बदल्यात वडिलांना चार ओळी जास्तीच्या मिळाल्या. पाण्याच्या पाळीची नोंद सातबाऱ्यावर घ्यावी हे कोणाला सुचलं नाही. तोंडीच ठरलं, एक दिवस तुझा, एक दिवस माझा.

दोन वर्षं चाललं. मग एका एप्रिलमध्ये झाडांवर अंबिया बहार (थंडी सरताना फुलणारा) होता, लाइट रात्रीच यायची आणि त्या रात्री पाळी कोणाची यावरून दोघं भाऊ धुऱ्यावर उभे राहून भांडले. बोलणं बंद झालं. ओल तुटली, लिंबाएवढं झालेलं फळ गळून पडलं. पुढच्या तीन-चार वर्षांत वडिलांकडची झाडं शेंड्याकडून वाळत गेली. उरलेल्या जागेत त्यांनी जंबेरीची रोपं टाकली, डोळे भरायला शिकले आणि ही रोपवाटिका उभी राहिली. म्हणजे आमचा धंदा त्या भांडणातूनच निघाला, पण बाग गेली ती गेलीच. माझ्यानंतर हिचं काय, हे आजोबा कधी बोलले नाहीत. त्यांना अपशकुन वाटत असावा.

कोणी बसायचं, कधी बसायचं

बागेत जे राबतात ते, आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे किंवा पुढं लागणार आहे ते, सगळे. त्यात आई आली, सून आली आणि सासरी गेलेली मुलगीही आली. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तिला वगळून ठरवलेलं पुढं कधीतरी तहसीलीत अडतंच. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचं अनुदान घ्यायचं असेल आणि जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती तसंही लागते. मग आधीच बोललेलं बरं.

पोळ्याला पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात. तान्हा पोळा आटोपला, पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला गल्लीत गेली की दोन तास निवांत मिळतात. तेव्हा बसा आणि कलमं पुढच्या पावसाळ्यात न्या. आमची विक्री एक वर्ष पुढं गेली तरी चालेल.

गेल्या वर्षी नरखेडकडचे एक काका आले होते. चार एकर लावायची म्हणून आले, सोबत सगळं घर होतं. मुलगा नागपूरला मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला. तो म्हणाला, "मी शनिवार-रविवार येईन, रोजची फवारणी माह्याकडून होणार नाही." काका गप्प झाले. एवढा वेळ बाजेच्या टोकाला बसलेल्या सूनबाईंनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. वर्षभराच्या मजुरांच्या हजेऱ्या, कोणाला किती दिले, कोणत्या दिवशी मोटर बंद होती, सगळं तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं. "मामंजी, दोन एकर मी सांभाळते. चार नाही होत." काका चारशे चाळीस कलमं न्यायला आले होते, दोनशे वीस घेऊन गेले. त्या बागेचं खरं नियोजन त्या कॅलेंडरवर होतं, हे घरातल्या पुरुषांना त्या दिवशी कळलं असावं.

बोलताना काय काय काढायचं

पहिला विषय मधल्या पाच वर्षांचा. त्या काळात बागेतून पैसा येत नाही, खर्च मात्र असतो. ओळींमध्ये सोयाबीन, मूग, हरभरा घ्या, पण घरखर्च त्यावर भागेल असं धरू नका. घराचा आणि शेतीचा पैसा वेगळ्या खात्यांत ठेवा. आणि जो बागेत राबतो त्याची महिन्याची मजुरी आधी काढा, वाटणी उरलेल्याची करा. गावात राहून राबणारा भाऊ आणि शहरातून येऊन हिस्सा नेणारा भाऊ यांच्यातलं निम्मं भांडण इथंच मिटतं.

दुसरा विषय, सगळी बाग एकदम लावायची की टप्प्यानं. आमचं मत स्पष्ट आहे, टप्प्यानं लावा. सहा बाय सहा मीटरवर एकरात सुमारे ११० झाडं बसतात. सहा एकर एकाच जूनमध्ये लावली तर सहाही एकर एकदमच म्हातारी होतील आणि तेव्हा घरात पुन्हा पाच वर्षं काही येणार नाही. आज दोन एकर, पाच-सहा वर्षांनी दोन, आणखी पाच-सहा वर्षांनी दोन असं लावलं तर जुना तुकडा तोडायच्या वेळी नवा भरात असतो. पहिल्या तुकड्यात केलेल्या चुका दुसऱ्यात टळतात. शिवाय दुसरा टप्पा लावायचा की नाही हे तेव्हा घरात जो कर्ता असेल तो ठरवील. ती मोकळीक त्याला राहू द्या.

पाण्याचं तर सांगायलाच नको. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल-नरखेडकडं बागा वाळल्या, लोकांनी टँकर लावून झाडं जगवली. बोअर किती फुटांवर गेली आहे आणि तुम्ही लहान असताना विहिरीला पाणी किती फुटांवर लागायचं, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. आताच्या पाण्यावर नका जाऊ, मे महिन्यातल्या पाण्यावर झाडांची संख्या ठरवा.

बाजाराबद्दल थोडंच. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तसा इथला भाव बसत गेला. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून वीस वर्षं काढता येत नाहीत. बहार झाडावरच व्यापाऱ्याला ठोक द्यायचा, नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा की घरातलं कोणी प्रतवारी करून स्वतः विकणार, हे ज्याला विकायची आवड आहे त्याला विचारा. बरेचदा तो घरातला सर्वांत धाकटा असतो.

आणि अवघड विषय शेवटी काढा. पाहणारं कोणीच उरलं नाही तर काय? मक्त्यानं द्यायची, कोणाला, किती वर्षांसाठी? विहीर आणि पाळी कागदावर कशी लिहायची? आमच्या आजोबांनी जे टाळलं ते हेच.

हे सगळं बोलूनही कलमं घ्यायची नाहीत असं ठरलं तरी सांगायला या, चहा घेऊन जा. चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत आम्ही कलमं देतही नाही.

येताना सातबारा, माती परीक्षणाचा अहवाल आणि पाण्याचे ते दोन आकडे आणा. या पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. घरात जे ठरलं ते तिथं लिहा, खाली तारीख टाका, बसलेल्या सगळ्यांची नावं लिहा. एक फोटो काढून ठेवा, कारण पत्रक डब्याखाली जातं हे आम्हाला माहीत आहे. नोंदणी मार्चपासून सुरू होते, कलमं चांगला पाऊस झाल्यावर मिळतील. रविवारी दुपारनंतर रोपवाटिका बंद असते.