जप्त हस्तिदंताचा मूळ पत्ता

जून २००२ मध्ये सिंगापूरला आलेल्या एका कंटेनरमधून साडेसहा टन हस्तिदंत निघाला. त्यात ५३२ सुळे होते आणि जपानी शिक्के कोरण्यासाठी कापलेले ४२ हजारांवर छोटे दंडगोल. माल मलावीतून निघून दक्षिण आफ्रिकेमार्गे आला, एवढं कागदपत्रांवरून कळत होतं. हत्ती मारले कुठे, हे मात्र कागदावर कधीच नसतं. ज्या देशात शिकार होते तिथूनच माल जहाजावर चढवायचा नाही, तो शेजारच्या देशात गोळा करायचा आणि लाकूड, चहा असल्या मालाआड लपवून पाठवायचा, ही तस्करांची जुनी रीत आहे. त्यामुळे जप्ती एका देशात, बंदर दुसऱ्या देशात आणि शिकार तिसऱ्याच देशात, असा प्रकार होतो. एकट्या देशाच्या पोलिसांना तो उलगडत नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ सॅम्युअल वॉसर यांनी त्यावर काढलेला मार्ग हत्तींच्या लिदेतून जातो. लीद आतड्यातून बाहेर पडताना तिच्या बाहेरच्या थराला आतड्याच्या पेशी चिकटतात आणि त्या पेशींत हत्तीचा डीएनए असतो. आफ्रिकेतल्या २९ देशांमधल्या ७१ ठिकाणांहून असे तेराशेच्या वर नमुने जमवून हत्तींचा जनुकीय नकाशा तयार झाला. गंमत म्हणजे सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारानुसार हस्तिदंताचा एवढासा तुकडा सीमेपार पाठवायलाही परवाना लागतो. लीद मात्र टाकाऊ पदार्थ म्हणून या करारातून मोकळी आहे.

सुळ्यातून डीएनए काढणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. सुळा म्हणजे शेवटी दातच: कठीण, खनिजांनी भरलेला, पेशी अगदी थोड्या. डीएनए बऱ्यापैकी टिकतो तो कवटीत रुतलेल्या बुंध्याकडे, विशेषतः सिमेंटम या बाहेरच्या थरात. तिथून काही सेंटिमीटरचा तुकडा हाताच्या करवतीने कापतात. विजेची करवत तापते आणि त्या उष्णतेने डीएनए तुटतो. प्रत्येक सुळ्यानंतर पातं स्वच्छ करायचं, हातमोजे बदलायचे. एका सुळ्याची भुकटी दुसऱ्याला लागली तर दोन्ही नमुने बाद.

प्रयोगशाळेत हा तुकडा एका बंद नळीत घालून द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे सुमारे उणे १९६ अंश सेल्सियसला, गोठवतात. नळीत पोलादी दांडा असतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होत राहिलं की तो दांडा नळीत मागेपुढे आपटतो आणि काही मिनिटांत तुकड्याची टाल्कम पावडरसारखी भुकटी होते. एवढी थंडी राखायची ती दळतानाच्या उष्णतेतून डीएनए वाचावा म्हणून. मग ईडीटीए या रसायनाने भुकटीतलं कॅल्शियम काढलं की डीएनए हाती येतो.

पुढे डीएनएवरच्या १६ जागा वाचतात. या जागांवर दोन-चार अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो, ते प्रत्येक हत्तीत वेगळं. एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून, म्हणून प्रत्येक जागेचे दोन आकडे मिळतात. घोळ होतो तो इथे. डीएनए जुना, झिजलेला असेल तर दोनांपैकी एक प्रत उमटतच नाही आणि दोन वेगळे आकडे असलेला हत्ती एकाच आकड्याचा दिसतो. म्हणून तीच चाचणी पुन्हा पुन्हा करतात आणि निकाल जुळला तरच धरतात. नंतर संगणक हे आकडे लिदेच्या नकाशाशी ताडून पाहतो. बहुतेक सुळ्यांचं मूळ ठिकाण यातून सुमारे ३०० किलोमीटरच्या आत सापडतं.

सिंगापूरचा माल आफ्रिकेत ठिकठिकाणांहून गोळा केलेला असावा, असा तपास यंत्रणांचा अंदाज होता. प्रत्यक्षात झांबियाच्या आसपासचा एक अरुंद पट्टाच निघाला. २०१५ मध्ये २८ मोठ्या जप्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा हे अधिकच ठळक झालं. २००६ ते २०१४ या काळात माळरानी हत्तींच्या पकडलेल्या हस्तिदंतापैकी ८५ टक्क्यांहून अधिक पूर्व आफ्रिकेतला होता, मुख्यतः टांझानियातलं सेलू आणि सीमेपलीकडचं मोझांबिकचं नियासा या भागातला. दाट अरण्यात राहणाऱ्या हत्तींच्या मालाचाही तेवढाच वाटा कॅमेरून, काँगो आणि गॅबन यांच्या सीमा जिथे मिळतात त्या अरण्यातून आणि लगतच्या भागातून आलेला. टांझानियातले हत्ती २००९ ते २०१४ या पाच वर्षांत १ लाख ९ हजारांवरून ४३ हजारांवर आले होते. शिकार खंडभर विखुरलेली असती तर तिला आवर घालणं जवळपास अशक्य होतं. ती दोन-तीन ठिकाणी एकवटली आहे म्हटल्यावर रखवालदार आणि पैसा कुठे पाठवायचा ते कळतं.

दुसरा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नमुने घेताना खर्च वाचावा म्हणून आधी जोड्या लावतात: लांबी, बुंध्याचा घेर, हिरडीच्या रेषेपर्यंतचं अंतर आणि रंग जुळले की ते सुळे एकाच हत्तीचे, मग दोघांतला एकच तपासायचा. पण कितीतरी सुळ्यांना जोडीदारच सापडेना. तो दुसऱ्याच जप्तीत, दुसऱ्याच देशात पडलेला होता. २००६ ते २०१५ मधल्या ३८ मोठ्या जप्त्या पडताळल्यावर जप्त्यांच्या अशा ११ जोड्या निघाल्या. जोडीतला माल बहुधा एकाच बंदरातून आणि दहा महिन्यांच्या आत निघालेला. यावरून तीन मोठ्या टोळ्यांची ठिकाणं समोर आली: केनियात मोंबासा, युगांडात एंटेबे आणि टोगोत लोमे.

पण एका जप्तीतले दोनेकशे सुळेच तपासायचे, तर नेमका जोडीदार हाती लागणं हा निव्वळ नशिबाचा भाग. म्हणून पुढे नातलग शोधायला सुरुवात झाली. आपल्याकडे सुळे फक्त नरांना असतात, आफ्रिकेत माद्यांनाही. माद्या जन्मभर आईच्याच कळपात राहतात, त्यामुळे एका कळपावर वर्षानुवर्षे शिकारी येत राहिले तर मायलेकी आणि बहिणींचे सुळे वेगवेगळ्या कंटेनरमध्ये जातात. २०२२ मध्ये ४९ जप्त्यांमधले ४,३२० सुळे असे ताडून पाहिले आणि सुट्या वाटणाऱ्या जप्त्या एकमेकींना जोडल्या गेल्या. एका कंटेनरपुरता खटला भरला जातो तेव्हा आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटतो. तोच माणूस दहा कंटेनरांशी जोडला गेला की प्रकरण आंतरराष्ट्रीय संघटित गुन्ह्याचं होतं.

हा माल सरकारी गोदामांतून चोरलेला, जुना तर नाही ना? या शंकेचं उत्तर किरणोत्सारी कार्बनने दिलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला आणि नंतर तो वर्षागणिक कमी होत गेला. सुळ्याच्या सर्वांत नव्या थरातलं प्रमाण पाहिलं की हत्ती केव्हा मेला ते कळतं. २००२ ते २०१४ मधल्या १४ जप्त्यांत बहुतेक हत्ती जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आत मेलेले निघाले.

इतकं असूनही काम अडतं ते साध्या जागी. ५०० किलो किंवा त्याहून मोठ्या जप्तीचे नमुने ९० दिवसांत घ्यावेत, असं सायटीसच्या देशांनी २०१३ मध्ये बँकॉकला ठरवलं. प्रत्यक्षात मुद्देमाल न्यायालयाच्या ताब्यात असतो, निर्यात परवाना एका खात्याकडे, आयात परवाना दुसऱ्या देशाकडे, आणि तोवर टोळी बंदर बदलते. इंटरपोल, जागतिक सीमाशुल्क संघटना, संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय, जागतिक बँक आणि सायटीस सचिवालय यांनी २०१० मध्ये एकत्र येऊन जो गट बनवला, त्याचा मोठा वेळ याच गाठी सोडवण्यात आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात जातो. न्यायालयात तर प्रयोगशाळेचा अहवाल पुरत नाही, बाकी पुरावाही टिकावा लागतो. मोंबासातल्या दोन टनांहून मोठ्या जप्तीत २०१६ मध्ये एकाला २० वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये तो अपिलात सुटला.

जप्त हस्तिदंत जाहीरपणे जाळायची पद्धत आहे. केनियाने एप्रिल २०१६ मध्ये १०५ टन जाळला. अशा ढिगाला काडी लावण्याआधी प्रत्येक जप्तीची नोंद वेगळी ठेवून सुळ्यांचे तुकडे कापून घेणं हे काही दिवसांचं काम आहे. ते राहिलं, तर दुसऱ्या देशात पुढे सापडणारा जोडीदार कशाशी ताडायचा हा प्रश्न उरतो.