कोलंबस, सिनसिनाटी आणि मैदानाचा प्रश्न

ओहायो राज्याची राजधानी कोलंबस आणि राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला ओहायो नदीकाठी वसलेले सिनसिनाटी यांना जोडणाऱ्या आंतरराज्य महामार्ग ७१ च्या कडेला, शेतजमिनीत, एक मोठा काळा फलक उभा आहे. त्यावर पांढऱ्या ठसठशीत इंग्रजी अक्षरांत ‘नरक खरा आहे’ एवढे तीनच शब्द लिहिले आहेत. हा फलक धर्मोपदेशाचा आहे आणि तो लावणाऱ्याच्या मनात फुटबॉल असण्याचे काही कारण नव्हते. तरीही २०१७ पासून या दोन शहरांच्या फुटबॉल सामन्याला त्या फलकावरूनच ‘हेल इज रिअल’ हे नाव पडले आहे. शहरांमधले अंतर सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षा थोडे जास्त, आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना हा फलक ओलांडूनच जावे लागते. (अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात त्याला या लेखात फुटबॉल म्हटले आहे, त्यांचा स्वतःचा तो अमेरिकन फुटबॉल.) या वैराची धार नुसत्या शेजारामुळे आलेली नाही. एक शहर आपला संघ गमावण्याच्या बेतात असताना दुसऱ्या शहराला नवा संघ मिळत होता आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता, तो म्हणजे मैदान कुठे आणि कोणाच्या पैशाने.

पूर्वीची नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली होती. १९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेला देताना फिफाने नवी व्यावसायिक लीग सुरू करण्याची अट घातली आणि त्यातून मेजर लीग सॉकर १९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झाली. तिची घडण युरोपातल्या लीगपेक्षा मुळातच वेगळी आहे. संपूर्ण लीग ही कायद्याने एकच कंपनी असून खेळाडूंचे करार लीगशी होतात आणि ज्याला आपण संघाचा मालक म्हणतो तो प्रत्यक्षात लीगचा भागीदार आणि एका संघाचा चालक असतो. तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत जात नाही आणि खालचा संघ नुसत्या विजयांच्या बळावर वर येत नाही. वर यायचे तर लीगची मंजुरी मिळवून प्रवेश शुल्क भरावे लागते. अशा विस्तारातूनच नव्या शहरांना संघ मिळतात आणि याच व्यवस्थेत एखाद्या शहराचा संघ उचलून दुसरीकडे नेणेही शक्य होते.

कोलंबस हे पहिल्या दहांपैकी एक. तिथे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे वेड मोठे असले, तरी वरच्या श्रेणीचा एकही व्यावसायिक संघ तेव्हा नव्हता. हंगामी तिकिटांसाठी लोकांनी आधीच पैसे भरून दाखवले, म्हणून हे मध्यम आकाराचे शहर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पंगतीला बसले. संघाचे नाव ‘क्रू’ ठेवले गेले आणि जुन्या बोधचिन्हात हेल्मेट घातलेले तीन कामगार होते. सामने विद्यापीठाच्या अवाढव्य ओहायो स्टेडियममध्ये होत. नव्वद हजारांच्या त्या वाडग्यात पंधरा-वीस हजार लोक हरवून जात, शिवाय मैदान परक्याचे असल्याने खाद्यपदार्थांचे आणि पार्किंगचे उत्पन्नही फारसे हाती लागत नसे.

१९९७ मध्ये शहराच्या मध्यभागी स्टेडियमसाठी विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. तेव्हा संघाचे गुंतवणूकदार लामार हंट यांनी राज्य जत्रेच्या आवारातली जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर खर्चून क्रू स्टेडियम बांधले. मेजर लीग सॉकरच्या संघासाठी मुद्दाम बांधलेले हे पहिले स्टेडियम १५ मे १९९९ रोजी खुले झाले. त्यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते. उघडे आकाश, ॲल्युमिनियमचे लांबच लांब बाक आणि बावीस हजारांच्या आसपास प्रेक्षक. पण त्या बाकांवर हजारो लोकांनी एका तालात पाय आपटले की सगळा सांगाडा दणाणत असे, आणि २००१ च्या फेब्रुवारीत हाडे गोठवणाऱ्या थंडीत अमेरिकेने मेक्सिकोला २-० ने हरवले तेही इथेच. पुढे २००५, २००९ आणि २०१३ मध्येही विश्वचषक पात्रतेच्या सामन्यांत निकाल तोच, २-० असाच लागला. २००८ मध्ये समर्थकांचे वेगवेगळे गट ईशान्येच्या कोपऱ्यात एकत्र आले आणि त्या कोपऱ्याला जर्मन धाटणीचे ‘नॉर्डेके’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी क्रूने पहिला लीग करंडक जिंकला.

या साध्या स्टेडियमने क्रूला तगवले, असे माझे मत आहे. २००१ चा हंगाम संपल्यावर लीगने टँपा बे आणि मायामी हे फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद केले. उरलेल्या दहा संघांचा भार फिलिप अँशुट्झ, हंट आणि रॉबर्ट क्राफ्ट या तिघांनीच उचलला होता. आपले मैदान असले तर संघ चालू शकतो हे कोलंबसने दाखवून दिले होते आणि कॅलिफोर्नियातील कार्सन, टेक्सासमधील फ्रिस्को, शिकागोलगतचे ब्रिजव्ह्यू इथे एकामागून एक तशी स्टेडियम उभी राहिली.

ही स्टेडियम बहुधा उपनगरांत होती, कारण जमीन तिथे स्वस्त होती. मग २००९ मध्ये सिॲटल आणि २०११ मध्ये पोर्टलंड लीगमध्ये आले. त्यांची दोन्ही मैदाने शहराच्या पोटात आहेत आणि तिथे तरुण प्रेक्षक झेंडे-ढोल घेऊन चालत किंवा ट्रेनने येऊ लागले. नवे संघ विकत घेऊ पाहणाऱ्यांना आता हेच चित्र हवे होते आणि प्रवेश शुल्कही त्याच वेगाने वाढत गेले. टोरंटोने २००७ मध्ये प्रवेशासाठी १ कोटी डॉलर मोजले होते, तर २०२५ मध्ये तिसावा संघ म्हणून आलेल्या सॅन डिएगोचे शुल्क ५० कोटी डॉलरवर पोहोचले. २०१७ मध्ये लीगमध्ये नुकत्याच आलेल्या अटलांटाच्या सामन्यांना सरासरी ४८ हजारांवर प्रेक्षक येत होते, तेव्हा कोलंबसची सरासरी पंधरा हजारांच्या घरात होती. ज्या शहराने वाट दाखवली, त्याचेच स्टेडियम आता जुनाट आणि आडबाजूचे ठरू लागले.

हंट कुटुंबाकडून २०१३ मध्ये संघ घेणारे कॅलिफोर्नियाचे गुंतवणूकदार अँथनी प्रीकोर्ट यांनी १७ ऑक्टोबर २०१७ रोजी जाहीर केले, की शहराच्या मध्यभागी नवे स्टेडियम झाले नाही तर संघ टेक्सासमधील ऑस्टिनला नेला जाईल. संघ दुसरीकडे नेण्यावर खरेदीच्या करारात बंधन होते, पण त्यातून ऑस्टिन वगळलेले होते हे उघड झाल्यावर कोलंबसकरांचा संताप अनावर झाला. लीगचे आयुक्त डॉन गार्बर यांनी मालकाची बाजू उचलून धरली. त्या वेळी संघ हरत होता असेही नाही. त्याच शरद ऋतूत बाद फेरीत अटलांटा आणि न्यूयॉर्क सिटीला घरी पाठवून क्रू पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले.

त्यानंतर जे घडले ते अमेरिकेच्या क्रीडाजगतात दुर्मिळ होते. ‘सेव्ह द क्रू’ हे चाहत्यांचे आंदोलन काही दिवसांत उभे राहिले. घरांच्या अंगणात काळ्या-पिवळ्या पाट्या लागल्या, दुकाने आणि बिअरगृहे सोबत आली. स्वयंसेवकांनी नव्या मालकासाठी हंगामी तिकिटांची वचने गोळा केली आणि स्थानिक उद्योजकांची दारे ठोठावली. स्टेडियम मध्यभागी हवे, ही प्रीकोर्ट यांची मागणी चुकीची नव्हती, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. चाहत्यांनाही ते हवेच होते. पण शहराला ते उभारायला पुरेसा अवधी न देता बाहेरची वाट आधीच मोकळी ठेवलेली होती आणि चाहत्यांच्या जिव्हारी लागले ते हेच.

आंदोलनाला कायद्याचा आधार मिळाला तो दुसऱ्याच खेळातून. क्लीव्हलंड ब्राऊन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी १९९५ च्या हंगामानंतर आपला संघ बाल्टिमोरला नेला होता. त्या धक्क्यातून ओहायोने १९९६ मध्ये कायदा केला, की करदात्यांच्या पैशाचा लाभ घेतलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हलवायचे असेल तर मालकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. दोन दशके अडगळीत पडलेला हा कायदा मार्च २०१८ मध्ये राज्याचे महाधिवक्ता माईक डिवाईन आणि कोलंबस शहर यांनी प्रीकोर्ट आणि लीगविरुद्धच्या दाव्यात बाहेर काढला. तो घटनेच्या कसोटीला उतरतो की नाही याचा निवाडा मात्र झालाच नाही, कारण तोवर खरेदीदार पुढे आले होते. संघाचे अनेक वर्षांचे डॉक्टर पीट एडवर्ड्स यांचे कुटुंब आणि जिमी व डी हॅस्लम हे दाम्पत्य यांनी २०१९ च्या आरंभी संघ ताब्यात घेतला. हॅस्लम हे ब्राऊन्सच्या नव्या अवताराचे मालक, म्हणजे ज्या संघाच्या जाण्यातून तो कायदा जन्मला त्याच नावाच्या संघाचे. प्रीकोर्ट यांना ऑस्टिनमध्ये नवा संघ मिळाला आणि तो २०२१ मध्ये मैदानात उतरला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही भीती नवी नाही. बालेवाडीला खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. तिथेही वर जाण्याची वाट बंद असलेलीच लीग होती. पुण्याच्या नारंगी वेशातल्या चाहत्यांना मात्र धरून ठेवायला असा कोणताही कायदा नव्हता.

कोलंबसमध्ये हे चालू असतानाच सिनसिनाटी उलट्या दिशेने धावत होते. २०१५ मध्ये स्थापन झालेला आणि २०१६ पासून खालच्या श्रेणीत खेळणारा एफसी सिनसिनाटी विद्यापीठाच्या निपर्ट स्टेडियममध्ये वरच्या श्रेणीतल्या कित्येक संघांपेक्षा जास्त गर्दी खेचत होता. १४ जून २०१७ रोजी, वरच्या आणि खालच्या श्रेणींचे संघ एकत्र खेळतात त्या यूएस ओपन कप स्पर्धेत, तीस हजारांवर प्रेक्षकांसमोर त्याने क्रूला १-० ने हरवले. दोन्ही संघांची ही पहिली गाठ होती आणि चार महिन्यांनी ऑस्टिनची बातमी फुटली. कोलंबसच्या चाहत्यांनी जे सोसले ते या क्रमामुळेच इतके झोंबले. २९ मे २०१८ रोजी, क्रूचे भवितव्य अजून टांगणीला असताना, सिनसिनाटीला लीगमध्ये प्रवेश जाहीर झाला. त्याचे शुल्क १५ कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले.

पण प्रवेशासाठी स्वतःचे स्टेडियम हवे होते आणि सिनसिनाटीची जखम जुनी होती. १९९६ मध्ये हॅमिल्टन काउंटीने (सिनसिनाटी ज्यात येते तो जिल्हा) अर्धा टक्का विक्रीकर वाढवून बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलसाठी दोन स्टेडियम बांधली आणि त्या व्यवहाराचे ओझे काउंटीच्या तिजोरीवर वर्षानुवर्षे राहिले. त्यामुळे या वेळी स्टेडियमचा खर्च क्लबने उचलायचा आणि रस्ते, पार्किंग अशा पायाभूत सोयींचा भार सरकारी तिजोरीने घ्यायचा, असे ठरले. ओकली आणि नदीपलीकडचे केंटकीतले न्यूपोर्ट मागे पडून जागा निवडली गेली ती वेस्ट एंडमध्ये. हा कृष्णवर्णीयांचा ऐतिहासिक मोहल्ला. १९५० आणि ६० च्या दशकांत महामार्ग ७५ आणि ‘शहर नूतनीकरण’ यांच्या नावाखाली इथली हजारो घरे पाडली गेली आणि २५ हजारांहून अधिक माणसे विस्थापित झाली. त्या आठवणी जिवंत असताना टॅफ्ट हायस्कूलचे स्टार्गेल स्टेडियम पाडून त्या जागी नवे स्टेडियम उभे करायचे म्हटल्यावर सभांमधून विरोध उसळला. क्लबने शाळेला दुसऱ्या जागी नवे मैदान बांधून दिले आणि वस्तीच्या हिताचा लेखी करारही झाला. तरी भाडी वाढून लोक पुन्हा बाहेर ढकलले जातील ही धास्ती सरली नाही. स्टेडियम बांधणाऱ्या प्रत्येक शहराने या बाजूकडेही प्रेक्षकसंख्येइतकेच लक्ष द्यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

दोन्ही शहरांची नवी स्टेडियम २०२१ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने उघडली. सिनसिनाटीचे २६ हजारांचे टीक्यूएल स्टेडियम १६ मे रोजी, तर कोलंबसच्या अरीना डिस्ट्रिक्टमधले लोअर डॉट कॉम फील्ड ३ जुलै रोजी. त्याआधी १२ डिसेंबर २०२० रोजी जुन्या स्टेडियममध्ये, साथीमुळे मोजक्याच प्रेक्षकांसमोर, क्रूने सिॲटलला ३-० ने हरवून दुसरा करंडक उचलला होता. मे २०२१ मध्ये नव्या मालकांनी संघाचे नाव ‘कोलंबस एससी’ करण्याची घोषणा केली, तेव्हा ज्या चाहत्यांनी हेच मालक आणण्यासाठी रस्त्यावर मेहनत घेतली होती तेच त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. आठवडाभरातच ‘क्रू’ हे नाव परत आले.

सिनसिनाटी लीगमधल्या पहिल्या तिन्ही हंगामांत तळाशी राहिले. २०१९ मध्ये त्यांनी तब्बल ७५ गोल खाल्ले. २०२३ मध्ये मात्र साखळी फेरीत सर्वाधिक गुण मिळवून त्यांनी सपोर्टर्स शील्ड पटकावली आणि २ डिसेंबरला टीक्यूएल स्टेडियममध्ये पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ क्रूशी पडली. मध्यंतरापर्यंत यजमान २-० ने पुढे होते. क्रूने उत्तरार्धात बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत क्रिश्चियन रामिरेझच्या गोलवर सामना ३-२ असा घेतला. त्या रात्री महामार्ग ७१ वरून उत्तरेला परतणाऱ्या गाड्या काळ्या फलकाजवळून गेल्या, आणि आठवड्यानंतर, ९ डिसेंबरला, क्रूने लॉस एंजेलिस एफसीला २-१ ने हरवून तिसरा करंडक जिंकला. तो सामना शहराच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या स्टेडियममध्ये झाला. जत्रेच्या आवारातल्या जुन्या स्टेडियमच्या परिसरात आता क्रूचे सराव केंद्र आहे.