साखळी बिघाड (प्रवाहजाळ्यांतील)

वीज, पाणी किंवा वाहने वाहून नेणाऱ्या जाळ्यातला एक दुवा बंद पडला की त्याचा भार शेजारच्या दुव्यांवर येतो. तेही क्षमतेबाहेर गेले की बंद पडतात आणि बिघाड पसरत जातो, याला साखळी बिघाड म्हणतात. मध्यवर्ती नियंत्रण नसताना, प्रत्येक जोडबिंदू आपल्यापुरते पाहून प्रवाह वाटत असताना, जाळे किती धक्का सोसेल हा यातला कळीचा प्रश्न.

जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल, हे त्यातल्या सर्वांत अरुंद छेदावर (तोडल्यास उगम आणि शेवट वेगळे पडतील अशा, एकूण क्षमता सर्वांत कमी असलेल्या दुव्यांच्या संचावर) ठरते, असे गणितज्ञ फोर्ड आणि फुल्करसन यांनी 1956 साली दाखवले. सगळे जाळे नजरेसमोर असेल तर त्या छेदातली शिल्लक क्षमता संपेपर्यंत तग धरता येतो. स्थानिक निर्णयांत ही हमी उरत नाही. कोमो, सावला आणि सहकारी संशोधकांनी 2013 मध्ये सिद्ध केले की अशा वेळी जाळ्याची ताकद सर्वांत कमी शिल्लक क्षमतेच्या एकाच जोडबिंदूवर अडते. प्रवाह आधीच त्या फाट्याला लागलेला असल्याने दूरच्या मार्गावरची मोकळीक उपयोगी पडत नाही. तुंबल्याची खबर मागच्या जोडबिंदूंपर्यंत पोहोचत असेल, तर मात्र ही उणीव बरीच भरून निघते.

वीजजाळ्यात मार्ग कोणी निवडत नाही. किर्चहॉफच्या विद्युत-नियमांनुसार वीज आपोआप वाटली जाते आणि प्रत्येक रिले (दोष दिसताच वाहिनी तोडणारे संरक्षक साधन) फक्त आपली वाहिनी पाहतो. 30 जुलै 2012 च्या पहाटे 2.33 वाजता हेच घडले. बीना–ग्वाल्हेर 400 केव्ही वाहिनीचे एक सर्किट कामासाठी बंद होते आणि उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. दुसऱ्या सर्किटवर दोष नव्हता, पण वाढलेला भारच रिलेने दोष समजला आणि ते ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. पाठोपाठ उत्तरेचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा ट्रिप झाली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही ग्रीडे गेली. या भागांत 60 कोटींहून अधिक लोक राहतात. पश्चिम ग्रीड वेगळे झाल्याने महाराष्ट्र वाचला.

वेळीच वेगळे होणे हा उपाय खरा, पण तुटलेल्या भागात निर्मिती आणि मागणीचा मेळ हवा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा–पडघा वाहिन्या ट्रिप झाल्यावर मुंबईची बेट-योजना (मुख्य ग्रीडपासून शहर वेगळे करून स्थानिक विजेवर चालू ठेवण्याची व्यवस्था) टिकली नाही, कारण शहरातली निर्मिती पुरी पडली नाही.