आल्प्समधल्या चिखलाने नेमकं काय सांगितलं?

इ.स.पू. 218 मध्ये हत्तींसह आल्प्स ओलांडणाऱ्या हॅनिबलच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन सत्तेच्या सेनापतीच्या, सैन्याची वाट माती तपासून 'सिद्ध झाली', असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. मुळातला पुरावा खरा आहे, आणि विलक्षणही. फ्रान्स-इटली सीमेवरच्या, सुमारे 3000 मीटर उंचीच्या 'त्राव्हर्सेत' नावाच्या खिंडीजवळच्या दलदलीत तुडवला गेलेला थर आढळला. त्यात जनावरांच्या आतड्यांतल्या जिवाणूंच्या खुणा होत्या. पण कार्बन-कालमापन (जुन्या सजीव अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) नेमकं वर्ष देत नाही, अनेक दशकांचा पट्टा देतं. त्या पट्ट्यात मेंढपाळांचे कळपही बसतात. म्हणून असा मजकूर आला की तारखेपुढचा अधिक-उणे आकडा बघा. मग नाणं, शस्त्र किंवा हत्तीचं हाड मिळाल्याचं लिहिलंय का, ते शोधा. इथली दरड प्राचीन इतिहासकार पॉलिबियसने केलेल्या वर्णनाशी जुळते, त्यामुळे ही खिंड भक्कम शक्यता आहे. पण अभ्यासकांत इतर खिंडींचेही समर्थक आहेत.