जुडास प्रीस्टच्या गाण्यात ‘छुपा आदेश’ होता का?

‘जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडने गाण्यात उलटा (म्हणजे गाणं उलटं वाजवल्यावर ऐकू येणारा) संदेश दडवला आणि त्यामुळे दोन पोरांनी स्वतःवर गोळी झाडली’ ही गोष्ट अजूनही छातीठोकपणे सांगितली जाते. ती खरी नाही.

घटना 1985 ची, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातली. एकजण जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. कुटुंबांचं दुःख खरंच होतं. 1990 मध्ये रीनोच्या कोर्टात खटला चालला. मुख्य आरोप होता तो 1978 च्या ‘स्टेन्ड क्लास’ अल्बममधल्या एका गाण्यात ‘डू इट’ (‘करून टाक’) असे शब्द लपवल्याचा. गंमत म्हणजे ते गाणं मुळात बँडचं नव्हतंच, स्पूकी टूथ या दुसऱ्या बँडचं होतं.

गायक रॉब हॅलफर्डने साक्षीच्या पिंजऱ्यात, वाद्यांशिवाय, त्या गाण्यातली वादाची ओळ गाऊन दाखवली. शिवाय आपलंच एक गाणं उलटं वाजवून त्यातून ‘आई, माझी खुर्ची मोडली’ असं ऐकू येतं हेही दाखवलं! शोधायचंच म्हटलं तर काहीही सापडतं.

न्यायाधीशांनी मान्य केलं की तसा आवाज कानाला जाणवतो. पण तो गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा सूर योगायोगाने एकत्र आल्यामुळे. कोणी मुद्दाम घातलेला नाही. बँड सुटला.