सुमोला सलामी द्यायची ठरलीय, त्यामागची गोष्ट

दसरा झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आधी जो रविवार मोकळा मिळेल त्या दिवशी साताऱ्यातनं टाटा सुमोंची रांग काढायची आणि नागठाणे, उंब्रज, मल्हारपेठ करत पाटणला जायचं असं आमच्याकडच्या गाडीवेड्या मंडळींचं ठरलंय. एमएच 11 वाल्या गाड्या तर येतीलच, पण कराडकडनं एमएच 50 आणि सांगलीकडनं एमएच 10 वाल्यांनीपण येतो म्हणून कळवलंय. आता बरेच जण विचारतायत की सुमोला कसली सलामी, ती काय व्हिंटेज आहे का, जुनी फियाट नायतर विलीज जीप असती तर समजलं असतं. त्यांच्यासाठी मागचं सगळं जरा सविस्तर लिहितोय, कारण ज्याचा जन्मच 2005 नंतरचा आहे त्याला ही गाडी आमच्या भागात काय होती ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

सुरुवात सुमोपासून नाही, वडापपासून, म्हणजे खाजगी गाड्यांतल्या शेअर प्रवासी वाहतुकीपासून करावी लागेल. 1 जून 1948 ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढं ती गावोगाव पोचली हे खरं, पण पाटण, जावळी, शिराळा असल्या डोंगरी भागात एसटी म्हणजे सकाळची एक, संध्याकाळची एक आणि नशीब असलं तर रात्रीची मुक्कामी. मधल्या वेळात दवाखाना, बाजार, तहसील कचेरी यासाठी माणसानं जायचं कसं? तर वडापनं. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही. शिटा भरल्या की गाडी सुटणार, वेळापत्रक काही नाही, हात केला की थांबणार, आणि पाटी कोंबडी सगळं घेऊन जाणार. आधी जीपा होत्या, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, महिंद्राची कमांडर आली. गाड्या दणकट, पण बाजूनं ताडपत्री लावलेली, पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात माणूस आतनं भिजून निघायचा आणि उन्हाळ्यात सगळ्यांच्या डोक्यावर फुफाटा.

आणि मग 1994 ला टेल्कोनं सुमो आणली. टेल्को म्हणजे आत्ताची टाटा मोटर्स, नाव 2003 ला बदललं. ही कंपनी मुळात ट्रकवाली, 1954 ते 1969 मर्सिडीज बेंझबरोबर करार होता, 1986 ला 407 काढली, छोटा ट्रक, जी आपल्याकडं अजून भाजी वाहतेय, आणि 1988 ला टाटामोबाईल 206 नावाचा पिकअप काढला. त्याच पिकअपच्या पायावर 1991 ला सिएरा, 1992 ला इस्टेट आणि 1994 ला सुमो. गाडीचं नाव सुमंत मूळगावकरांवरनं ठेवलंय, 1949 ला टेल्कोत आलेला माणूस, पिंपरीचा कारखाना उभा केला तो त्यांनी, आणि 1989 ला गेले. म्हणजे पाच वर्षांनी आलेली ही गाडी कंपनीनं त्यांना वाहिलेली. आमच्या रांगेच्या पहिल्या गाडीवर त्यांचा फोटो लावायचा हे अगदी पहिल्या बैठकीतच ठरलं.

सिएरा देखणी होती पण तीन दाराची आणि महाग, ती आमच्याकडं क्वचितच दिसायची. सुमोचं तसं नव्हतं. खाली ट्रकसारखी शिडीची चासी, 1948 सीसीचं डिझेल इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकाला, मागं कमानपाटे, स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली, आणि दहा माणसं बसतील अशी रचना, मागं समोरासमोर बाकडी. वर पक्कं पत्र्याचं छप्पर आणि काचा. आज हे ऐकून कुणाला काय वाटणार नाही, पण ताडपत्रीच्या जीपमधनं प्रवास केलेल्या माणसाला काच वर करता येणं ही केवढी मोठी गोष्ट होती! पळायला काय फार नव्हती, इंजिनाची ताकद सत्तर घोड्यांच्या आतबाहेर, पण डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त असल्यामुळं धंद्याचं गणित बसायचं. तीन वर्षांत एक लाखाच्या वर सुमो विकल्या गेल्या आणि ट्रकवाल्या कंपनीसाठी तो फार मोठा आकडा होता.

आमच्या भागात ती एकाच वेळी दोन टोकाच्या लोकांनी घेतली, आणि माझ्या मते हिची खरी कहाणी इथंच आहे. एकीकडं साखर कारखान्याचे संचालक, पुढारी, कंत्राटदार, पांढरी सुमो दारात उभी म्हणजे घराचं वजन वाढलं. पोलिसांकडं सुमो, दवाखान्याची अँब्युलन्सपण सुमोच. आणि दुसरीकडं पाच जणांकडनं हातउसने आणि पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली वडापची सुमो. लग्नसराईत तीच गाडी नवरदेवाला आणायची, पौषात पालीच्या खंडोबाला आणि मांढरदेवीला भाविकांना घेऊन जायची, निवडणुकीत टपावर कर्णा बांधून प्रचाराला फिरायची, आणि उरलेले सगळे दिवस पाटण-कराड नायतर वाई-सातारा. बाळंतीण बाई रात्री दोनला सिव्हिलला पोचवलीय अशा गोष्टी प्रत्येक जुन्या ड्रायव्हरकडं आहेत आणि त्या खोट्या नाहीत, माझ्या स्वतःच्या घरातलीच एक आहे.

पुढं कंपनीनंपण हे ओळखलं. साधारण 2000 च्या आसपास सुमोचंच साधं मॉडेल स्पेसिओ आली, गोल दिव्याची, आत काहीही चैन नसलेली, 2956 सीसीचं 407 च्या घराण्यातलं इंजिन. आवाज ट्रकसारखा, पण खडी चढणीला भरलेल्या गाडीला दम लागायचा नाही आणि उंब्रजच्या कुठल्याही मिस्त्रीला ते इंजिन डोळे झाकून उघडता यायचं कारण 407 रोजच दारात यायची. वडापवाल्यांची खरी लाडकी ही. मग सुमोचीच पुढची मॉडेलं, व्हिक्टा 2004 ला आली, ग्रँड 2008 ला, आणि मग गोल्ड. ग्रँड आमच्याकडं रुजली नाही, त्यावर जास्त काय लिहीत नाही.

उतरती कळा एकदम नाही लागली. 2000 साली एकाच वर्षात बोलेरो आणि क्वालिस दोन्ही आल्या, टूरवाले क्वालिसकडं आणि मग इनोव्हाकडं गेले, गावाकडचा माणूस बोलेरोकडं गेला, 2002 ला स्कॉर्पिओ आली तशी पुढाऱ्यांची पसंतीपण बदलली. वडापचंपण स्वरूप बदललं, घरटी मोटरसायकल आली आणि तरुण पोरं वडापच्या गाडीत बसायचीच बंद झाली. शेवटी 2019 ला नियम कडक झाले, जुन्या मॉडेललापण एबीएस, एअरबॅग, सीटबेल्टचा बझर सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6, म्हणजे धुराचा नवा कडक नियम, येणार होतं. पंचवीस वर्षांच्या जुन्या सांगाड्यावर तेवढा खर्च करणं कंपनीला परवडणारं नव्हतं, आणि 2019 लाच सुमो बंद झाली. ना जाहिरात ना निरोप. सफारीचं नाव 2021 ला नव्या गाडीवर परत आलं, सुमोचं अजून नाही.

साताऱ्याला असं दुःख नवं नाही म्हणा, प्रिया स्कूटर इथंच आपल्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनायची, ती बंद झाल्यावरपण कुणी रांग काढली नव्हती, आणि आज चालू प्रिया बघायला मिळणं अवघड झालंय. सुमोचं तसं होऊ नये ही घाई आहे. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्ष झालेल्या खाजगी चारचाकीच्या रिपासिंगची फी 600 वरनं थेट 5000 झाली, वर ग्रीन टॅक्स, त्यामुळं लोक गाडी भंगारात घालतायत, आणि भंगारवाला पत्र्याच्या वजनानं पैसे देतो.

एक गोष्ट लपवायची नाही असंपण ठरलंय. वडाप कायदेशीर नव्हतं. दहाच्या गाडीत पंधरा-वीस माणसं, मागच्या दाराला लोंबकळणारी पोरं, त्यातनं अपघात झाले, माणसं गेली, आणि एसटीचं उत्पन्नपण बुडालं. म्हणून रांगेत टपावर कुणी बसणार नाही, दाराला कुणी लोंबकळणार नाही, शिटा आहेत तेवढीच माणसं, आणि ज्या गाडीचं पासिंग आणि विमा चालू नाही ती गाडी घरीच. जुन्या दिवसांची नक्कल करण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही.

रांगेच्या क्रमावरनं बरीच वादावादी झाली. काही जणांचं म्हणणं होतं की नवीन रंग मारून, अलॉय व्हील टाकून चकाचक केलेल्या गाड्या पुढं पाहिजेत, फोटो चांगले येतात. मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. शेवटी ठरलं ते असं की पुढं जुन्या वडाप ड्रायव्हरांच्या गाड्या, पोचे आले असतील तर पोच्यांसकट, आणि ज्यांची गाडी विकली गेलीय त्या काकांनी दुसऱ्याच्या सुमोचं स्टिअरिंग धरायचं. त्यांच्या मागं मिस्त्री लोक, मग व्हिक्टा आणि गोल्ड, आणि सजवलेल्या गाड्या सगळ्यात शेवटी. पाटणला पोचल्यावर भाषणं नाहीत, जेवण झालं की मिस्त्रींनी एकेक बॉनेट उघडून पोरांना दाखवायचं की ग्लो प्लग कसा तपासायचा, पाटे कसे बदलायचे, कुठला पार्ट 407 चा चालतो आणि कुठला नाही, आणि ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं. येणाऱ्यांनी जुना पार्ट पडून असेल तर सोबत आणा, अदलाबदल तिथंच करू.