पालथं पाडलेल्या माणसाचा श्वास

नोव्हेंबर १९८४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं शार्लट शहर. डीथॉर्न ग्रॅहम या मधुमेही माणसाला आपली साखर उतरतेय हे जाणवलं, म्हणून तो मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस आणायला निघाला. दुकानात रांग मोठी होती, तेव्हा तसाच धावत बाहेर आला. ही लगबग एका पोलिसाला संशयास्पद वाटली आणि त्याने पुढे जाऊन गाडी अडवली. ग्रॅहम उतरला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि रस्त्याच्या कडेला बसून क्षणभर शुद्ध हरपला. मित्र जीव तोडून सांगत होता की हा मधुमेही आहे. पोलिसांनी निदान करून टाकलं होतं: दारू प्यायलाय. बेड्या, धक्काबुक्की आणि शेवटी पायाचं मोडलेलं हाड.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा तो वीसेक टक्के खातो. रक्तातली साखर घसरली की पहिली उपासमार त्याची होते. घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस चिडतो, विचारलं एक तर बोलतो भलतंच. रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही तो झिंगलेलाच वाटेल. अपस्माराचा झटका ओसरल्यावरचा गोंधळ किंवा डोक्याला बसलेला मार यांचंही तेच.

ग्रॅहमच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकष घालून दिला: बळाचा वापर रास्त होता की नाही हे त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहायचं, मागाहून आलेल्या शहाणपणातून नाही. वाचायला हे पटतं. पण मग ‘मला तो नशेत वाटला’ या वाक्याला कोर्टात वजन येतं. हा निकष साखर उतरलेल्या माणसाच्या प्रकरणातून निघावा, याला काय म्हणावं!

नशेने माणसात राक्षसी ताकद येते, हा समज तर जुनाच. १९१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलेल्या एका डॉक्टरच्या लेखात कोकेन घेतलेले कृष्णवर्णीय साध्या गोळीने पडत नाहीत, म्हणून दक्षिणेतले पोलीस जास्त जाड गोळीची पिस्तुलं घेऊ लागलेत, असा दावा होता. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला मारणाऱ्या पोलिसांनीही त्याने पीसीपी हे मादक द्रव्य घेतलंय असं वाटल्याचं सांगितलं. तपासणीत पीसीपी सापडलं नाही.

या समजाला वैद्यकीय नाव मिळालं मायामीत. न्यायवैद्यक डॉक्टर चार्ल्स वेटली आणि मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड फिशबेन यांनी १९८५ मध्ये कोकेन घेणाऱ्या सात जणांच्या अचानक मृत्यूंवर निबंध लिहिला. त्यातले बहुतेक पोलिसांच्या ताब्यात असताना मेले होते. ‘एक्सायटेड डिलिरियम’, म्हणजे उन्मादी भ्रम, हे नाव इथून पोलीस प्रशिक्षणात रुजलं. त्याच सुमारास मायामीत एकामागून एक कृष्णवर्णीय स्त्रिया मृतावस्थेत सापडत होत्या, आणि त्यांचे मृत्यू थोडं कोकेन आणि संभोग यांच्या संयोगाने झाले असावेत, असा वेटलींचा तर्क होता. मग १९८८ मध्ये चौदा वर्षांची एक मुलगी सापडली. तिच्या रक्तात कोकेन नव्हतंच. वेटलींच्या वरिष्ठांनी जुनी प्रकरणं पुन्हा उघडली, तेव्हा गळा आवळल्याच्या, गुदमरवल्याच्या खुणा दिसल्या. ते खून होते. एवढं झाल्यावर खरं तर ते नावही मोडीत निघायला हवं होतं. ते टिकलं, आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने त्याला मान्यताही दिली.

मग ही माणसं मरतात कशाने? जीव खाऊन पळून आलेला माणूस आठवा. स्नायूंनी तयार केलेल्या आम्लामुळे रक्ताचा सामू (आम्लतेचं माप, pH) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातून खाली घसरू पाहतो. शरीराकडे तातडीचा उपाय एकच: भराभर, खोल श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं. आता त्याच माणसाला पालथं पाडा, हात पाठीमागे बांधा आणि पाठीवर गुडघा रोवा. छाती फुलत नाही, पोट दबल्याने श्वासपटल नीट खाली सरकत नाही, हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. आम्ल साठत जातं आणि हृदय थांबतं. त्याआधी तो हवेसाठी धडपडतो. वरच्याला ती धडपड प्रतिकार वाटते, आणि दाब वाढतो.

१९९७ मध्ये सॅन डिएगोत पंधरा धडधाकट पुरुषांना व्यायामानंतर पालथं बांधून ठेवून पाहिलं. फुप्फुसांची क्षमता घटली, पण ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत उतरला नाही. हा प्रयोग पुढे पोलिसांच्या बचावात कोर्टात वारंवार आला. त्या पंधरा जणांच्या पाठीवर मात्र कुणी बसलेलं नव्हतं, आणि आपण मरणार अशी भीतीही त्यांना नव्हती.

‘श्वास घेता येत नाही’ म्हणणाऱ्याला ऐकवलं जाणारं ‘बोलतोयस म्हणजे श्वास चाललाय’, हाही असाच फसवा युक्तिवाद. साध्या श्वासातल्या सुमारे ५०० मिलिलिटर हवेपैकी १५० तर श्वासनलिकांमध्येच राहते, रक्तापर्यंत पोचतच नाही. उथळ श्वासात शब्द उमटतात, पण फुप्फुसांच्या वायुकोशांना पुरेशी हवा मिळत नाही.

मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या रक्तात फेंटानिल हे अफूसारखं तीव्र वेदनाशामक होतं. खटल्यात त्या पोलिसाच्या बचाव पक्षाचा भर त्यावरच. फुप्फुसतज्ज्ञ मार्टिन टोबिन यांनी काय केलं, तर व्हिडिओ बघत फ्लॉइडचे श्वास मोजले. फेंटानिलने श्वास मंदावतो. मिनिटाला दहाच्या आसपास यायला हवा होता. शुद्ध हरपण्याच्या जरा आधी तो बावीस भरला. मला हा पुरावा फार आवडतो. यंत्र नाही, रसायन नाही, नुसती मोजणी.

उन्मादी भ्रमाची मान्यता डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये काढून घेतली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मृत्यूचं कारण म्हणून ते नोंदवायला बंदी केली. पालथ्या स्थितीचा धोका मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. १९९५ मध्येच अमेरिकी न्याय खात्याच्या पत्रकात पोलिसांना सूचना होती: बेड्या पडल्याबरोबर माणसाला पोटावरून उठवा.

फ्लॉइड पालथा असताना एका नवख्या पोलिसाने विचारलं होतं, याला कुशीवर वळवायचं का? नकार मिळाल्यावर तो पुटपुटला, मला त्या एक्सायटेड डिलिरियमची वगैरे काळजी वाटतेय. मानेवर गुडघा दाबून बसलेला वरिष्ठ, पहिल्या आरोपपत्रातल्या नोंदीनुसार, म्हणाला, म्हणूनच तर त्याला पोटावर ठेवलंय.